पाहुणे गेले की

पक्षी दिसला की आमचे डॉक्टरकाका आधी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत, मग मान तिरकी करून हलकेच म्हणत, "हं, आ करा."

जन्मभर लोकांच्या दातांत डोकावलेला माणूस तो. समोर चोच आली तरी सवय जात नव्हती. "बघ, तोंडात एक दात नाही. म्हणून कसा सुखात आहे!"

कलकत्त्याच्या ढाकुरिया लेकवर हिवाळ्यात सकाळी कधी फिरला असाल, तर असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर, थंडीच्या मानाने कपडेच जास्त. पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. मी पुण्याहून केंद्र सरकारच्या एका कचेरीत बदलून आलो होतो आणि त्यांच्या घरात वरची खोली घेऊन राहत होतो. काका जन्माने कलकत्त्याचे. मराठी बोलत आपल्यासारखंच, पण पहिल्याच दिवशी "चहा खातोस का रे?" म्हणाले आणि मी बशीत काही खायचं आहे की काय म्हणून पाहत राहिलो; बंगालीत चहाही खातात. दवाखाना नुकताच बंद केलेला. बायको केव्हाच गेलेली. घरात विधवा बहीण, तिला सगळे आत्या म्हणत.

रविवारी पहाटे काका मला उठवून लेकवर नेत. युद्धातल्या लष्करी बराकी तिथे अजून उभ्या होत्या, त्यांत पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं राहत. चुलींचा धूर पाण्यावर उतरलेला असे आणि त्या धुरातून बदकं दिसू लागत. काकांनी त्यांना स्वतःची नावं ठेवली होती. लांब शेपटीची, गळ्यावरून पांढरा पट्टा उतरलेली बदकं म्हणजे व्याही. "उपरणं बघ कसं सावरलंय! मानपान झाल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचे नाहीत." कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पक्षी म्हणजे भटजी. फताड्या चोचीने अखंड चिखल उपसणारे ते पंगतीवाले. काठावरून मुंगूस पळालं तर "हा कर्जदार दिसतोय," म्हणत.

आणि या सगळ्यांवर त्यांचं एक वाक्य होतं, "पाहुणे घरात असताना यजमानानं गाव सोडायचं नसतं."

ते थट्टेने म्हणत असावेत असं मला आधी वाटलं. पण खरंच, बदकं उतरल्यापासून उडेपर्यंत काका कलकत्त्याबाहेर पाऊल टाकत नसत. सख्ख्या भाचीचं नागपूरचं लग्न त्यांनी असंच बुडवलं होतं. आत्या कपाळाला हात लावत. "माणसं पाहुणी आली तर हा खोलीतून बाहेर येत नाही. आणि बदकांचं एवढं कौतुक!"

एका थंडीत संध्याकाळी परत येताना काका गल्लीच्या तोंडाशी थांबले. "गॅसच्या दिव्याला खळं पडलंय रे. रंगीत."

"काका, खळं चंद्राला पडतं," मी हसून म्हणालो.

मला नुसता दिवा दिसत होता.

डोळ्यांच्या सर्जननी काचबिंदू सांगितला. डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. उजव्यावर शस्त्रक्रिया केली तर तो टिकेल, पण उशीर नको. काकांनी शांतपणे सांगितलं, "पाहुणे गेले की येतो." सर्जनना वाटलं, घरात कोणी नातेवाईक आले असतील.

दुसऱ्याच्या जबड्यात निर्धास्त चिमटा घालणारा हा माणूस स्वतःच्या डोळ्याजवळ सुरी येणार म्हणून घाबरला होता, हे आत्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. पण काका शब्दाचे पक्के. पाहुणे गेले की जाणार म्हणजे जाणारच. आत्यांनी त्यांचे कपडे, तांब्या, जपाची माळ असं सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवली.

त्यातच काका घाटाच्या पायरीवरून घसरले आणि गुडघा धरून घरी बसले. लेकवर जाऊन पाहुण्यांची खबर आणायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले काही रविवार मी इमानाने गेलो. मग गुढीपाडव्याच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. आमची मराठी मंडळी दर वर्षी नाटक करत, मला पहिल्यांदाच चांगली भूमिका मिळाली होती. शनिवारी तालमी लांबत आणि रविवारी डोळा उघडेपर्यंत ऊन खोलीत आलेलं असे. खाली उतरलो की काका विचारत, "काय रे, मंडळी आहेत का?"

"आहेत की!" मी सांगून टाकलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित आज लिहायला बसलो नसतो. पण काकांचा चेहरा असा उजळला की मी पुढे सांगत गेलो. व्याह्यांचं भटजींशी कसं वाजलं, एक पंगतीवाला शेवाळात तोंड घालून कसा उलटा झाला. काका मांडीवर थाप मारून हसत होते. तालमीत दिग्दर्शक माझ्यावर रोज डाफरत असे, "दगडासारखा उभा राहू नकोस." इथे प्रत्येक वाक्याला दाद मिळत होती. पुढच्या रविवारी मी तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अजून आहेत? किती बाई चिवट पाहुणे!"

मी जिना चढू लागलो तेव्हा त्या मागे आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "गेले की लगेच सांग हं. त्याला हल्ली ताटातली भाजी चाचपावी लागते."

त्या क्षणी मी चप्पल घालून लेकवर जायला हवं होतं. चालत काही फार लांब नव्हतं. मी वर गेलो आणि भूमिका पाठ करत बसलो. मला काय होत होतं ते तेव्हाही कळत होतं. गेलो आणि पाणी रिकामं दिसलं, तर मागच्या रविवारांचं काय सांगायचं, ही भीती होती.

नाटक झालं. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकवर गेलो. पाण्यावर एक बदक नव्हतं. एक बाबू गळ टाकून बसले होते, त्यांना विचारलं. मान न वळवता ते म्हणाले, "ओरा तो दोलेर आगेइ चोले गेछे." दोल म्हणजे आपली होळी. होळीच्या आधीच गेले होते सगळे.

मी धावत घरी आलो. "काका, गेले!"

"कधी?"

"आत्ता, सकाळी. माझ्यासमोर उडाले."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठले. "बरं. मग निघायला हरकत नाही."

आत्यांनी खुंटीवरची पिशवी काढली.

सर्जननी बराच वेळ तपासलं. बाहेर आल्यावर ते आत्यांना म्हणाले, होळीच्या सुमाराला आणलं असतं तर उजवा डोळा वाचवता आला असता, आता उपयोग नाही. कदाचित तेव्हाही वाचला नसता, असं मी पुढे अनेकदा स्वतःला समजावलं आहे. पण सर्जननी नेमकी होळीच म्हटली होती, आणि ते ऐकताना काकांचा हात माझ्या हातात होता.

टॅक्सीत बसल्यावर काकांनीच माझ्या पाठीवर थोपटलं. "एवढा गप्प का रे? त्यांना काय ठाऊक, आपल्या घरी पाहुणे होते ते!"

त्यांच्या आवाजात अभिमान होता.

पुढच्या हिवाळ्यापासून मी एकही रविवार चुकवला नाही. काकांना हाताला धरून लेकवर नेत असे आणि जे असेल तेवढंच सांगत असे. व्याही आहेत. भटजी थोडे आहेत. पलीकडे काही दिसत नाही. काका मान तिरकी करून ऐकत. सवयीने चष्मा काढून पुसतही. एकदा म्हणाले, "पूर्वी तू काय रंगवून सांगायचास! हल्ली फार कोरडं झालंय तुझं. लग्न कर बाबा."

सांगून टाकावं असं त्या दिवशी जिभेवर आलं होतं. समोरून शेंगदाणेवाला आला आणि काकांनी पुडी घ्यायला लावली. एवढं कारण मला पुरलं.

काही वर्षांनी ऐन वैशाखात काका तापाने झोपले ते उठलेच नाहीत. शेवटच्या दुपारी मी उशाशी बसलो होतो. पडदे ओले करून लावले होते, तरी खोली भाजत होती. बराच वेळ ते ग्लानीत होते. मग एकाएकी स्पष्ट आवाज आला, "काय रे, मंडळी आहेत का?"

पलीकडे आत्या उभ्या होत्या. पाहुणे असताना हा माणूस गाव सोडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. ओठ नुसते हलले. आहेत म्हण.

मी म्हणालो, "गेले, काका."

"कधी?"

"होळीच्या आधीच."

काकांनी उशीवर मान जराशी तिरकी केली. "बरं," म्हणाले. "मग निघायला हरकत नाही."

दिवस मावळायच्या आत ते गेले.

तेरावा झाल्यावर मी आत्यांचा निरोप घ्यायला खाली उतरलो. माझी बदली झाली होती. दाराजवळच्या खुंटीला ती कापडी पिशवी पुन्हा लटकत होती, रिकामी. आत्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"एवढं एकच खोटं मागितलं होतं रे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या.