रेवतीबाईंचा तेरडा

झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या मराठी घरांतल्या गौरी म्हणजे रेवतीबाईंचा तेरडा, हे ठरूनच गेलेलं. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान नारायणराव कुंपणालगत वाफा खणून देत. पुढचं सगळं बाईंचं. झाशीतले लोक तेरड्याला गुलमेहंदी म्हणतात. तो मुळासकट उपटून गौर म्हणून पुजतात, हे त्यांच्या गावीही नसतं. त्यामुळे भाद्रपद आला की मराठी बायका बाईंच्याच दारात.

यंदा शेजारी शलाका राहायला आली. झाशीतच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. तिच्या फाटकापासून ओट्यापर्यंत दुहेरी पाकळ्यांचा तेरडा असा फुलला, की येणारेजाणारे थांबून बघू लागले. समोरची शिल्पा तर बाईंना तोंडावर म्हणाली, "या वेळी शलाकाकडूनच नेते हं, किती भरगच्च आहे!"

"तिला गौरीतलं कळतं तरी का काही?" बाई घरी येऊन डाफरल्या.

"फुलं मात्र छान आहेत," नारायणराव म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी पडली नाही.

गौरी तोंडावर आल्या आणि शलाका दारात उभी. "काकू, भावाकडे बबीनाला चाललेय. परसों येईन. झाडांना पानी द्याल?"

"देईन की."

पावसानं दडी मारली होती. पहिल्या दिवशी बाई तिकडे फिरकल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून डोकावल्या, तर तेरड्यानं माना टाकलेल्या. बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग एक कळी गळून पडली. हीच रोपं गौर म्हणून पाटावर बसायची होती! त्यांनी पदर खोचला आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. सकाळपर्यंत झाडं उभी राहिली. खालची पानं तेवढी पिवळी पडली.

शलाका परतली आणि रोपं न्यायला जमलेल्या बायकांसमोर बाईंच्या पायाच पडली. "काकूंमुळे वाचली!"

"पहिल्या दिवशी घातलंच नव्हतं पाणी," बाई म्हणाल्या. "मुद्दाम."

बायका खो खो हसल्या. काकूही काय एकेक बोलतात! बाई हसल्या नाहीत. गौरी बहुतेक घरांत शलाकाच्याच वाफ्यातल्या गेल्या.

शिल्पाकडच्या आरतीत बाईंची नजर त्या दुहेरी पाकळ्यांवरून हलेना. निघताना त्यांनी शलाकाला जिन्यात गाठलं.

"बी धरलंस की मला दे. आणि पुढल्या वर्षी माझा वाफा बघ."