मावशी, उठा!

त्या रविवारी कासुर्डीत कालव्याच्या अंगानं अशी धुई उतरली होती की गोठ्यातली म्हैस दिसत नव्हती, गळ्यातली घंटा तेवढी वाजायची. म्हाळसाबाईनं अंदाजानंच कास धुतली, रेडकू लावलं, ओढून खुंट्याला बांधलं आणि धारेला बसली. थंडीनं बोटं आखडली होती. म्हशीमागून शेळ्या. त्यातली बांडी शेळी मोठी नखऱ्याची. म्हाळसाबाईशिवाय कुणी हात लावला की पान्हा चोरायची, वर लाथ.

"अवं," म्हाळसाबाई धार काढता काढता म्हणाली, "आज सांजच्या धारा तुम्हीच काढा."

रखमाजी अंगणातल्या चुलीम्होरं हात शेकत बसला होता. "बांडी मला काढू देती व्हय? मागल्या बारीला चरवी पालथी केली तिनं."

"माजं जुनं लुगडं पांघरून बसा. वासानं फसंल."

"म्हंजी आता बायको हून बसू?"

"एक दिस बसा की. मी जलमभर बसले."

रखमाजी हसला. मग एकदम हसायचा थांबला. "म्हंजी आज शेवटपातूर थांबनार तू?"

"व्हय. आज मॅचची शिट्टी हुईस्तोवर बसनार."

रखमाजीनं लाकूड आत सारलं.

म्हाळसाबाईच्या सासऱ्यानं मेंढरं विकून कालव्याखाली जमीन केली. तेव्हापासून घर एका जागी बसलं. पोरगा माऊली शाळेला म्हणून दौंडला मावशीकडं राहिला. मावशीचं घर रेल्वेच्या मैदानाला लागून. शाळेत पोरगं किती गेलं देव जाणे, पण अनवाणी पायानं फुटबॉल खेळायला शिकलं, आणि मिसरूड फुटायच्या आत लोको कॉलनीच्या टीममध्ये पुढच्या फळीत खेळायला लागलं. कासुर्डीत कुणाला हा खेळ ठाऊक नव्हता. "हातानं धरायचा न्हाई म्हंत्यात, मग चेंडू कशाला घेतलाय?" असं रखमाजीच विचारायचा.

म्हाळसाबाई रविवारी मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन यवतवरून शटलगाडीनं दौंडच्या बाजाराला जायची. पाटी रिकामी झाली की मैदानावर. पहिल्यांदा गेली तेव्हा मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली बाईमाणूस ती एकटीच. लोको शेडमध्ये इंजिनांच्या कामाला असलेला कोंडिबा खलाशी तिथं रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगून पान्यानं ठणाठणा वाजवायचा, कॉलनीतली पोरं पत्र्याचे डबे बडवायची, आणि नाताळच्या कपाच्या सामन्यांना तर ख्रिस्ती वस्तीतली मंडळी गिटार घेऊन यायची. त्या दंग्यात म्हाळसाबाईला राहवलं नाही. मेंढरं वळताना बाप गायचा त्या चालीवर तिनं आपलं काहीतरी जोडलं,

*चेंडू पळाला पळाला, रान मोकळं बघून*
*माझा माऊली आडवा, त्यो आणितो वळून*

कोंडिबानं ओळ संपताच रुळावर ठण्ण करून पाना हाणला. झालं. त्या दिवसापासून लोको कॉलनीचं गाणं म्हणजे हेच. गिटारवालेसुद्धा तेच वाजवायला लागले.

पण सांजची शटल चुकवून चालायचं नाही, घरी बांडी वाट बघत असायची. म्हणून मॅच संपायच्या जरा आधी म्हाळसाबाई पाटी उचलून निघायची. एकदा मनमाडच्या पोरांबरोबर बरोबरी चालली होती. ती फाटकापर्यंत पोचली आणि मागं गोल झाला. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच. तिसऱ्या खेपेला कोंडिबानंच बोंब ठोकली, "मावशी, उठा! तुमी उठल्याबिगार गोल हुईत न्हाई!"

तिथून ती रीतच पडली. मॅच अडली की लिंबाखालून हाकारा उठायचा, "मावशी, उठा! मावशी, उठा!" म्हाळसाबाई पदर खोचून उठायची, पाटी काखेला मारायची, आणि ती फाटकाकडं चालायला लागली की टाळ्या. पहिल्या पहिल्यांदा तिलाही गंमत वाटायची. सासू म्हणायची, मेंढी अडली की तिच्याकडं टक लावून बसू नये, जनावर लाजतं, माणसानं जरा बाजूला व्हावं. तसंच असेल हे, म्हणून ती बाजूला व्हायची.

पुढं मात्र तिला सलायला लागलं. माऊली घरी येऊन गोल कसा झाला ते सांगायचा, आणि ती हूं हूं करत ऐकायची. अक्षता पडायच्या वेळेला मांडवातून उठवलेल्या करवलीसारखं. पोराचा एक गोल तिनं डोळ्यानं बघितला नव्हता. आणि एका मॅचला तिच्या ध्यानात आलं की पाय चेंडूवर असतानाही माऊली चोरून लिंबाकडं बघतोय, आई उठली का नाही ते.

आता माऊलीला कारेगावला कंपनीत काम लागलं होतं. सोमवारी हजर व्हायचं, तिथंच खोली, सुट्टी गुरुवारची. रविवारचा खेळ संपला. म्हणजे आजची नाताळच्या कपाची फायनल त्याची शेवटची. आज नाही बघितलं तर मग कधीच नाही.

दुपारपर्यंत धुई फिटली, पण ऊन काही तापलं नाही. मैदानावर सकाळचं दव मुरलं होतं, गोलाम्होरची माती पायांनी उखणलेली. समोर कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्यांची टीम, धिप्पाड गडी. मॅचच्या आधी माऊली लिंबाखाली आला, बुटाच्या नाड्या आवळत.

"मी आज शेवटपातूर हाय," म्हाळसाबाईनं सांगितलं. "धारा तुज्या बापाकडं दिल्यात."

माऊलीनं वर बघितलं. "बापाकडं? बांडी मारील त्यास्नी." एवढंच बोलला. बस की, असं म्हणाला नाही.

पहिल्या हाफला कुर्डुवाडीनं एक घातला, दुसऱ्या हाफला कॉलनीनं फेडला. म्हाळसाबाई गळा सुजेपर्यंत गायली. मग खेळ अडला तो अडलाच. सावल्या लांबल्या आणि लिंबाखालून पहिला आवाज आला.

"मावशी, उठा!"

ती हलली नाही. पोरं हसली, डबे वाजले. "मावशी, शटल चालली! मावशी, बांडी वरडायली!"

"वरडू दे. आज बांडीला दुसरा गडी केलाय," ती म्हणाली. पुन्हा हशा. पण हाकारा वाढत गेला, आणि त्यातलं हसू हळूहळू कमी झालं. कोंडिबा रूळ सोडून जवळ आला, उकिडवा बसला.

"ताई, पोरं मागं लागल्यात. जावा की फाटकापातूर."

"मामा, पोरगं माजं हाय. त्याचा शेवटचा खेळ हाय. मी का जावं?"

"कप जाईल ना ताई."

"मी काय बुटात बसलेय व्हय कुनाच्या?"

तेवढ्यात कुर्डुवाडीच्या गड्यानं हाणलेला चेंडू कॉलनीच्या गोलाच्या दांडीला लागून बाहेर गेला. आणि मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बघा! आता तरी कळलं का मावशीला?" संत्र्याची एक साल येऊन तिच्या पाटीत पडली. कुणी टाकली ते तिनं वळून बघितलं नाही. बाजारात नासकी मेथी म्हणून कुणी तोंडावर जुडी फेकली असती तर तिनं शिव्या घातल्या असत्या. इथं तिला शिवी सुचेना.

थोड्या वेळानं चेंडू लिंबाच्या बाजूनं बाहेर गेला. तो घ्यायला माऊलीच आला. छाती भात्यासारखी हलत होती. चेंडू उचलला आणि जमिनीकडं बघतच म्हणाला,

"आये, जा की."

म्हाळसाबाई उठली. पाटी घेतली. संत्र्याची साल काढून खाली ठेवली आणि फाटकाकडं चालायला लागली. टाळ्या झाल्या. तिला त्या पाठीत लागल्या.

फाटकाबाहेर भिंतीला लागून सारजाबाईचा चहाचा गाडा. त्याच्या बाजूला रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचा ढीग. सारजाबाई म्हणाली, "घालवली व्हय पुन्यांदा? बस. च्या घे."

म्हाळसाबाईनं कप हातात धरला, पण पिववेना. भिंतीपलीकडं लांब शिट्टी वाजली. मग आरडाओरडा. मग सगळं एकदम चिडीचूप.

"पेनल्टी," सारजाबाई म्हणाली. तिला गाड्यावरून आवाजानंच सगळं कळायचं. "असं गप झालं की पेनल्टी. आपल्याला मिळाली वाटतं. तुजाच पोरगा मारील."

म्हाळसाबाईनं कप गाड्यावर ठेवला. स्लीपरावर एक पाय दिला, मग दुसरा. "अगं बाई, बघू नगंस!" सारजाबाई म्हणाली, पण तिनं पदर धरला नाही. म्हाळसाबाईचं डोकं भिंतीच्या वर आलं.

माऊली चेंडूपासून मागं सरकत होता. त्याचं लिंबाकडं लक्ष गेलं, तिथं आई नव्हती. मग तो धावला. डावा पाय रोवताना उखणलेल्या मातीत तो जरासा घसरला. वावरात ओल्या ढेकळावर माणूस घसरतो तेवढाच, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. चेंडू दांडीवरून आभाळात गेला.

कुर्डुवाडीवाले तेवढे ओरडले. आणि कॉलनीची पोरं डोकं धरून उभी असतानाच त्यांनी चेंडू पलीकडं नेला आणि गोल घातला.

तेव्हा लिंबाखालची माणसं उठली. पहिल्यांदा डबेवाली पोरं, मग गिटारवाले, मग बाकीचे. मॅच अजून चालली होती. पण सायकली निघाल्या, चपला झटकल्या गेल्या, फाटकातून घोळका बाहेर पडायला लागला. "चला, संपलं," "काय न्हाई आता." कोंडिबानं रूळसुद्धा लिंबालाच सोडला. मावशीला उठवणारे सगळे शिट्टीच्या आधीच रस्त्याला लागले. मग रेफरीनं शिट्टी मारली. कुर्डुवाडीवाले नाचत एका बाजूला गेले. माऊली मैदानाच्या मध्यात बसला आणि एक एक करून बूट काढू लागला. उजवा काढला. डावा हातात घेऊन नुसता बसून राहिला.

म्हाळसाबाईला वाटलं, हाक मारावी. तेवढ्यात खालून आवाज आला.

"आरं देवा! ही तर इथं हाय!" कोंडिबा होता. त्याच्यामागं चार-पाच पोरं. "ताई, तुमी बघत व्हता? पेनल्टीला बघत व्हता?"

ती हळूच खाली उतरली. "म्हून गोल गेला," एक पोरगा म्हणाला. "चोरून बघितलं म्हून गेला." कोंडिबा त्याच्यावर ओरडला, "गप ए!" पण त्याच्याही तोंडावर तेच होतं. सारजाबाईनं गार झालेला चहा मातीत ओतला.

शटलमध्ये रिकामी पाटी मांडीवर घेऊन म्हाळसाबाई खिडकीशी बसली. आपण खरंच नसतं बघितलं तर? हा इचार तिला पाटस गेलं तरी सोडेना. केडगाव आलं. तिनं स्वतःलाच चार वेळा सांगितलं, पाय घसरला, पाय घसरला. पण संत्र्याची साल डोळ्यासमोरून हलेना.

घरी लाईट गेलेली. रखमाजी कंदिलाच्या उजेडात नडगीला फडकं बांधत होता. जुनं लुगडं खुंटीवर परत टांगलेलं.

"म्हस काढली," तो म्हणाला. "दोन शेळ्या बी काढल्या. बांडीनं वळखलं मला." मग जरा थांबून, "काय झालं मॅचचं?"

"हारली."

तिनं पाटी ठेवली आणि चरवी घेऊन गोठ्यात गेली. बांडीची कास ताठली होती. म्हाळसाबाई पाणी लावून कास धूत असताना माऊली आला. दारात उभा राहिला, बूट गळ्यात अडकवलेले. पुढच्या शटलनं आला असावा.

"आये, कोंडिबामामा म्हनत्यात, तू भितीवरनं बघत व्हतीस."

"व्हय."

"पेनल्टीला?"

न्हाई म्हटलं असतं तर मिटलं असतं. पेनल्टीच्या वेळची साक्ष देणारं सारजाबाईशिवाय कुणी नव्हतं, आणि कोंडिबाचं काय, त्याला संध्याकाळी एकाचे दोन दिसतात, असं म्हणता आलं असतं.

"पेनल्टीला बघितलं," ती म्हणाली. "आन् त्याच्यानंतर बी. शिट्टी हुईस्तोवर. डावा पाय घसरला तुजा. उखणल्याली माती व्हती तिथं. तुज्या बी ध्यानात आलं न्हाई."

माऊली दाराला टेकला.

"त्यो पायानं गेला, पोरा. डोळ्यानं न्हाई जात."

"सगळी म्हनत्यात—"

"सगळी कुठं व्हती? गोल पडला तवा सगळी उठून गेली. तू बूट काढीत बसला व्हतास तवा मीच तेवढी व्हते. डावा बूट तू किती येळ हातात धरला व्हतास ते इचार मला."

माऊलीनं गळ्यातले बूट खाली घेतले. डाव्याच्या तळव्याला अजून माती होती. त्यानं अंगठ्यानं ती जरा खरवडली. तिला वाटलं, आता जवळ येईल.

"तरी बी," तो म्हणाला, "तू बघाया नगं व्हतं आये."

आणि आत गेला. आतून पेटी ओढल्याचा आवाज आला, मग रखमाजीचा, "सकाळी कितीला निघायचं?" त्याचं उत्तर तिला ऐकू आलं नाही.

बांडीनं पान्हा चोरला होता. म्हाळसाबाईनं पाठीवरून हात फिरवला, कास पुन्हा एकदा चोळली, आणि सवयीनं ओठातल्या ओठात गुणगुणली, चेंडू पळाला पळाला. दुसरी ओळ तिनं म्हटली नाही. शेळीनं कान हलवला, पाय जरा फाकवले. पहिली धार चरवीच्या काठावर जाऊन मातीत पडली. तिनं चरवी गुडघ्यात नीट दाबली आणि दुसरी धार ओढली.