गेलेल्यांचं फोल्डर

पुरुषोत्तमनगरच्या नाक्यावर ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या त्या माणसाइतका नेटका माणूस मी पाहिला नाही. डाउनलोड केलेला सातबारा असो की आधार, तो लगेच त्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि टाकताना त्याचं नाव पुटपुटतो. कुणी वारलं की दुसऱ्या दिवशी त्याचं फोल्डर ‘गेलेले’मध्ये हलवतो. पुसत मात्र कुणालाच नाही.

गेल्या महिन्यात मी उताऱ्याची प्रिंट घ्यायला गेलो, तर माझं फोल्डर जागेवर सापडेना. ते ‘गेलेले’मध्ये निघालं. मी हसलो. तो हसला नाही.

“भाऊ, आठे मी नही टाकं हाई,” पडद्यावरच्या ‘गेलेले’वर बोट ठेवून तो हळूच म्हणाला. “आन या कॉम्प्युटरले दुसरं कोनी हात बी लावत नही.”

त्यानं फोल्डर परत जागेवर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो. तो फाटकाबाहेर मोटरसायकल थांबवून उभा होता. त्यानं मला नीट पाहून घेतलं आणि किक मारून निघून गेला.

तेव्हापासून तो रोज येतो. बायको म्हणते, “त्याले चहाले तरी बलावा.” मला धीर होत नाही. पण परवा त्याला उशीर झाला, तेव्हा तो येईपर्यंत मी फाटकाशीच उभा राहिलो.