पार्किंगमधली अक्षरं

गणपतीत सोसायटीच्या मुलांसाठी मी पार्किंगमध्ये खडूने चौकोन आखले आणि प्रत्येकात एकेक अक्षर लिहिलं. अक्षरांवर उड्या मारत शब्द बनवायचा, एवढाच खेळ. पण आमच्या डोंबिवलीत मुलांचा खेळ मुलांवर सोडतील तर शपथ! पहिली मुलगी 'क'वर उभी राहते न राहते तोच तिची आई ओरडली, "अगं, 'म'वर जा, 'कमळ' कर!" दुसऱ्याच्या बाबांनी तर त्याला दंडाला धरूनच पुढच्या चौकोनात नेलं. मग ही चीटिंग की मदत, यावरून पालकांचीच जुंपली. मी घसा फोडून सांगत होते, पण कोणी ऐकेल तर ना! शेवटी माझ्या मुलीने माझी ओढणी खेचली.

"आई, मोठ्यांचं खेळून झालं की हाक मार. आम्ही सगळे जिन्यात बसलोय."