भस्माचे हात

माझा जुना सोबती बसलिंग गेला. आज दुपारी लातूरला त्याला आमच्या लिंगायत रीतीनं समाधीच्या खड्ड्यात बसवलं. वाहायला म्हणून कुणीतरी माझ्या मुठीत भस्म दिलं, आणि त्या कोरड्या वासासरशी मी रेणापूरजवळच्या आमच्या जुन्या मठात जाऊन पोचलो.

बसलिंग आणि मी तिथं स्वामी व्हायला शिकत होतो. सकाळी पेटीवर वचनं गायची, संध्याकाळी अंगणात कबड्डी. घामानं पकड सुटू नये म्हणून आम्ही तळव्यांना भस्म चोळायचो. "अरे, ते कपाळाला लावायचं असतंय, तंगड्या धरायला न्हाई!" गुरुजी ओसरीवरून ओरडायचे.

बसलिंगचं 'कबड्डी कबड्डी'सुद्धा सुरात असायचं. एका संध्याकाळी मी त्याचा घोटा धरला. मला फरफटत तो रेषेकडं सरकत राहिला. आवाज बारीक झाला, पण सूर हलला नाही. शेवटी दम तुटला. धुळीत पडून तो हसायला लागला, "सोड की आता, बाद झालोय मी!"

गेलं वर्षभर छातीच्या दुखण्यानं त्याला एक ओळही एका दमात गाता येत नव्हती.

"सोडा आता, स्वामी," खड्ड्याच्या काठावर मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

माझी मूठ उघडेना.