एजीडब्ल्यू म्हणजे काय

दापोड्याच्या गोदामात आमच्या मागांसाठीचं परदेशी सूत उतरायचं. तिथले कारकून जहाजांच्या भाषेतच बोलत. "माल कधी येईल?" विचारलं की म्हणत, "ईटीए मंगळवार, डब्ल्यूपी." डब्ल्यूपी म्हणजे 'हवामानानं साथ दिली तर', हे मला तेव्हा कळत नसे, मी मान डोलवायचो.

एकदा वडपे गावची एक बाई मोबाईल घेऊन तिथल्या थोरल्या कारकुनांकडे आली. जहाजावर कामाला असलेल्या तिच्या मुलाचा आठ दिवस फोन नव्हता. कंपनीचा निरोप तेवढा होता: रविवारी बंदरात, एजीडब्ल्यू.

"दादा, ह्ये काय लिवलंय?"

"सगळं ठीक आहे, मावशी. रविवारी पोचतोय."

ती हसत गेली. मी कारकुनांना विचारलं, "खरंच तसा अर्थ होतो?"

"सगळं ठीक झालं तर, असा होतो," ते पुटपुटले.

हा धीर होता की थाप, मला कळेना. रविवारी बंद गोदामाच्या पायरीवर ते एकटेच बसलेले दिसले, हातात फोन धरून, त्या जहाजाची काही खबर येते का बघत.