शांतता मेळाव्याचे नारळ

आमच्या क्लबाला गरिबी हटवायची भारी हौस. भर मे महिन्यात आम्ही ब्लँकेटं वाटली आहेत, कारण पदाधिकाऱ्यांचं वर्ष जूनमध्ये संपतं आणि अहवालात ब्लँकेटांचा रकाना कोरा राहिला होता. सचिव मीच होते, तेव्हा हसायचा पहिला हक्क माझा आणि शरमेचाही.

गेल्या वर्षी पुसदमध्ये दोन वस्त्यांतल्या पोट्ट्यांची चांगलीच जुंपली. कोणी कोणाकडे रोखून बघितलं एवढ्यावरून पट्टे निघायचे. एकदा चाकूही निघाला. आमच्या अध्यक्षांचं कृषी केंद्र आहे. कपाशीच्या रोगांवर त्यांच्याकडे पन्नास औषधं, पण समाजाच्या सगळ्या रोगांवर एकच, कार्यक्रम. त्यांनी शांतता मेळावा जाहीर केला. आणि कार्यक्रम म्हटला की आमच्याकडे सत्कार आलाच.

"पण या पोरांचा सत्कार कशाबद्दल?" मी विचारलं.

"ते येऊन राह्यले ना मॅडम, हे काय कमी हाय?"

मग दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा पोट्टे, प्रत्येकाला टॉवेल आणि नारळ, अशी यादी मी माझ्या हातानं केली. एकमेकांची डोकी फोडायला टपलेल्या बावीस जणांच्या हाती आपण बावीस टणक नारळ देतो आहोत, हे तीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मेळाव्याच्या आधी एका पोराची आई माझ्याकडे आली होती. मूळची तांड्यावरची, आता वस्तीत राहून भाजी विकणारी. पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. स्वतः चटणी-भाकर खाऊन ती त्याला रोज दूध आणि अंडी घालायची.

"मॅडम, पाय चांगले हाय त्याचे, हातच वाईट हाय," ती म्हणाली. "एक केस लागली तं त्याची भरती गेली. त्या दिवशी काही होऊ देऊ नका."

मी मोठ्या रुबाबात शब्द दिला. शब्द द्यायला आमच्या क्लबाचं काय जातं?

मेळाव्यात अध्यक्ष बंधुभावावर पाऊण तास बोलले. पोट्टे झोपेला आले होते. तसेच झोपू दिले असते तर बरं झालं असतं. मग सत्कार झाले. दुकानातले टॉवेल पहिल्या वस्तीतच संपले होते, म्हणून दुसऱ्या वस्तीसाठी मी पंचे आणले होते. भांडणाला तेवढं पुरलं.

"आमाले पंचा अन् त्यायले टॉवेल? काहून?"

"औकातीपरमानं भेटते!"

पहिला नारळ कोणी फेकला ते मला दिसलं नाही. दुसरा अध्यक्षांच्या कानाजवळून गेला आणि ते माइकसकट टेबलाखाली शिरले. तिथूनही "शांतता, शांतता" ऐकू येत होतं. तिसरा मात्र मी नीट पाहिला. त्या भाजीवालीच्या पोरानं फेकला आणि तो समोरच्या गटातल्या एका दांडग्या पोराच्या भुवईला घासून गेला. रक्त आलं.

मागच्या खुर्चीवरून त्याची आई उठली. पोरगा ओरडला, "याडी, हट!" आईनं ऐकलं नाही. ती सरळ त्या रक्ताळलेल्या पोरापुढं गेली आणि त्याच्यासमोर दोन्ही हातांनी पदर धरला.

"टाक बाप्पा, माह्या ओटीत टाक."

ओटी बाया भरतात, पोट्टे नाही. पण कोणाच्याही आईनं पदर पुढं केला तर त्यात टाकायचं, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं हातातला नारळ पाहिला, तिच्याकडं पाहिलं आणि टाकला. मग ती दुसऱ्याकडं गेली, तिसऱ्याकडं गेली. स्वतःच्या पोराकडं सगळ्यांत शेवटी. नारळ उरला नव्हता म्हणून त्यानं टॉवेल टाकला. पदर फाटायला आला तेव्हा मी धावले आणि दुसरं टोक धरलं.

तेवढ्यात दारात चहा पीत असलेले बंदोबस्ताचे जमादार आत आले. "कोणं मारलं रे याले?"

तिला हात जोडायचे होते, पण हात पदरात अडकलेले. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

भुवईवर पंचा दाबत तो दांडगा पोरगा म्हणाला, "नारळ फोडून राह्यलो होतो साहेब. करवंटी उडाली."

जमादारांनी पदरातले नारळ पाहिले. एकही फुटलेला नव्हता. त्यांनी उरलेला चहा घेतला. "फोडता येत नाही तं कायले फोडता?" म्हणाले आणि निघून गेले.

नंतर त्याची भुवई पुसताना मी विचारलं, "काहून खोटं बोललास रे?"

"मीबी त्याच भरतीत हाव, मॅडम. तो माह्या पुढं धावते. केस लागली असती तं मले बरंच झालं असतं."

"मग?"

तो स्वतःवरच चिडलेला होता.

"तिनं पहिले माह्याच पुढं पदर केला ना. ओटीत टाकलेलं वापस घेते का कोणी?"